जुन्या संगणकाचा दूर-प्रवेश का अडतो?

नारायणगावजवळच्या खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उरलेल्या १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. या सर्वांचे नियंत्रण एका केंद्रीय कक्षातून होते. दूरच्या यंत्रास आज्ञा द्यावयाची, तर प्रत्येक यंत्राची ओळख स्वतंत्र असली पाहिजे, हे तत्त्व येथे सहज लक्षात येते. टेबलावरील जुन्या संगणकालाही हेच तत्त्व लागू पडते.

असे संगणक सर्वत्र मोडीत निघालेले नाहीत. एखाद्या मोजमाप यंत्राचे जुने कार्ड नव्या संगणकात बसत नाही. म्हणून जुना संगणक जपावा लागतो. त्यावरील नोंदी दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्यासाठी नेटवर्क कार्ड बसविले जाते व ‘टेलनेट’सारख्या प्रणालीने दूर-प्रवेश केला जातो. टेलनेटचे प्रमाणित स्वरूप १९८३ साली निश्चित झाले. प्रवेश अडला की दोष प्रणालीला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा खालच्या पातळीवर असतो.

संघर्षाचे मूळ

संगणकातील एखाद्या भागाला प्रक्रियकाचे लक्ष वेधावयाचे असेल, तर तो ठराविक मार्गाने खूण करतो. या मार्गाला इंटरप्ट म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये असे आठच मार्ग होते. १९८४ च्या एटी संगणकात त्यांत भर पडली. क्र. ४ पहिल्या व क्र. ३ दुसऱ्या क्रमिक पोर्टचा, क्र. ६ फ्लॉपीचा, तर क्र. ७ प्रिंटरचा, अशी वहिवाट पडली. अनेक नेटवर्क कार्डे कारखान्यातून क्र. ३ वर लावलेली येत. दुसऱ्या पोर्टला माऊस जोडलेला असेल, तर दोघेही एकाच मार्गावर हक्क सांगतात. आयसा पद्धतीच्या जुन्या खाचांत असा मार्ग सहसा वाटून घेता येत नाही. परिणामी माऊस हलविताच जोडणी गोठते; किंवा निरोप जातो, पण आलेल्या उत्तराची खूण प्रक्रियकापर्यंत पोचत नाही.

दुसरा संघर्ष पत्त्याचा. एनई२००० जातीचे कार्ड षोडशमान पद्धतीतील ३०० ते ३१एफ हे ३२ पत्ते व्यापते. दुसरे एखादे कार्ड त्याच पत्त्यांवर असेल, तर दोन्ही निकामी भासतात.

तपासणीचा क्रम

प्रथम केबल व जोडण्या पाहाव्यात. समाक्ष केबल असल्यास तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर हवेत. नंतर प्रत्येक कार्डाचा इंटरप्ट व पत्ता कागदावर मांडावा. हा तक्ता झाल्याखेरीज काहीही बदलू नये.

संगणक बंद करून, वीज तोडून, अनावश्यक कार्डे काढावीत. केवळ नेटवर्क कार्डावर जोडणी चालली, तर संघर्षाची खात्री पटते. मग एकेक कार्ड परत बसवून दोषी जोडी शोधावी. नेटवर्क कार्ड मोकळ्या मार्गावर न्यावे. एटी संगणकात क्र. १० किंवा ११ पुष्कळदा रिकामा सापडतो, मात्र आठ बिटांच्या कार्डाला तो मिळत नाही.

येथेच एक चूक वारंवार होते. कार्डावरील जंपर बदलला जातो, परंतु ऑटोएक्झेक.बॅट या फाइलीतील ड्रायव्हरच्या ओळीत जुनाच क्रमांक राहतो. दोन्हीकडील क्रमांक तंतोतंत जुळले पाहिजेत. पॅकेट ड्रायव्हर वापरला असल्यास दूर-प्रवेश प्रणालीला त्याचा स्वतंत्र सॉफ्टवेअर इंटरप्ट, बहुधा षोडशमान ६०, सांगावा लागतो. हा क्रमांक कार्डाच्या इंटरप्टहून वेगळा आहे, हे विसरू नये.

शेवटी आयपी पत्ता पाहावा. एकच पत्ता दोन संगणकांना दिला असेल, तर प्रवेश कधी मिळतो, कधी तुटतो. शंका आल्यास एक संगणक बंद करून त्याच पत्त्यावर ‘पिंग’ करावे. उत्तर आले, तर त्या पत्त्याचा दुसरा धनी जाळ्यात आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

सुरक्षिततेची मर्यादा

जोडणी सुरळीत झाली तरी टेलनेट परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत पाठविते. याच उणिवेतून १९९५ मध्ये एसएसएच ही सांकेतिक लिपीत व्यवहार करणारी पद्धत पुढे आली. जुन्या संगणकाला ती पेलत नसेल, तर त्याला अंतर्गत जाळ्यातच ठेवावे. बाहेरच्या इंटरनेटशी थेट जोडू नये.

चालू यंत्र केवळ एका क्रमांकाच्या गोंधळामुळे भंगारात जाणे हे नुकसानच होय. कागदावरील एक तक्ता व थोडा धीर यांच्या साहाय्याने ते टाळता येते.