अडकलेले ऑइल सील : जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करताना

खुटबाव आणि यवत-केडगावच्या परिसरात अनेक घरांच्या पडवीत एखादी जुनी मोटारसायकल पोत्याखाली झाकून ठेवलेली दिसते. घरातील ते पहिले वाहन असते. तिच्यावरूनच वडिलांनी मुलाची पत्र्याची पेटी वसतिगृहात आणलेली असते. एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने १९८५ साली बाजारात आणलेली ९८ सीसीची आरएक्स-१०० ही अशा गाड्यांपैकी एक. तिचे उत्पादन १९९६ साली थांबले. आता आपले माजी विद्यार्थी वडिलांची गाडी पुन्हा चालू करू पाहतात. त्यांचे काम बहुधा पुढच्या शॉकअपपाशी अडते. म्हणून त्यातील एकाच कामाचा हा पाठ.

शॉकअपमध्ये क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी पाइप ॲल्युमिनियमच्या बॉटममध्ये वर-खाली सरकतो. आत तेल असते. बॉटमच्या तोंडाशी बसवलेले रबरी ऑइल सील ते तेल आत राखते. रबराच्या आत पोलादी कडे असते आणि वरून तारेचे लॉक बसते. उसाच्या वाटेवरचा चिखल व पावसाचे पाणी धूळरक्षक टोपणाखाली शिरते. लॉक गंजते, पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओल राहिल्याने क्षार धरतो आणि सील जागीच घट्ट बसते. त्याची रबरी कड झिजली, की तेल बाहेर ओघळते. ते चाकापर्यंत उतरून ब्रेकमध्ये शिरले, तर ब्रेक धरत नाही. म्हणून हा दोष केवळ दिसण्याचा समजू नये.

काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीचे सील मी स्क्रू ड्रायव्हरने उचकटले. लॉक चिखलाखाली होते. ते मी पाहिलेच नाही. जोर वाढवत गेलो आणि बॉटमच्या आतल्या भिंतीवर खोल ओरखडा पडला. नवे सील बसवले, तरी त्या ओरखड्यातून तेल झिरपतच राहिले. काही रुपयांच्या सीलसाठी मी सहज न मिळणारा भाग गमावला होता. दुसऱ्या बाजूचे काम त्यानंतर पुढील क्रमाने केले.

प्रथम इंजिनखाली भक्कम आधार देऊन पुढचे चाक काढावे. पाइप टीमध्ये आवळलेला असतानाच वरचा बोल्ट सैल करावा. नंतर तो धरण्यास जागा राहत नाही. बॉटमच्या तळाशी ॲलन बोल्ट असेल, तर तोही स्प्रिंगचा दाब असेपर्यंतच सैल करावा. अन्यथा आतील दांडा बोल्टबरोबर फिरत राहतो. वरचा बोल्ट पूर्ण काढताना स्प्रिंग उसळते, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा. जुने तेल डब्यात जमा करावे. ते चारीत किंवा विहिरीजवळ ओतू नये.

यानंतर टोपण काढून सीलचा वरचा भाग ब्रशने स्वच्छ करावा. लॉकवर गंज सैल करणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. लॉक निघाल्याशिवाय सीलला हात लावू नये. पाइप ओढून काढल्यावर सील बॉटममध्येच राहिले, तर बॉटमच्या गळ्याभोवती जाड फडके गुंडाळून त्यावर उकळते पाणी ओतावे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड ढिली होते. तेल लागलेल्या भागावर उघडी ज्योत कदापि धरू नये. बॉटमच्या कडेवर लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर गोल टोकाचा टायर लिव्हर टेकवावा आणि सील चारी बाजूंनी थोडे थोडे उचलावे. एकाच जागी जोर लावल्यास ते तिरके होऊन अधिकच अडकते.

तरीही हलले नाही, तर सीलचाच बळी द्यावा. त्याच्या पोलादी कड्यात समोरासमोर दोन बारीक छिद्रे पाडावीत. ड्रिलच्या पात्याला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी लावावी, म्हणजे ते आत फार उतरणार नाही. छिद्रांत स्क्रू बसवून दोन्ही स्क्रू पकडीने आळीपाळीने वर ओढावेत. धातूचा कीस आणि पाणी पूर्ण पुसून, धुऊन, वाळवून मगच पुढे जावे.

पाइपवर गंजाचे खड्डे असतील, तर नवे सीलही लवकरच फाटते. तेव्हा पाइप बदलावा किंवा त्यावर पुन्हा क्रोम करून घ्यावे. नव्या सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, तेलाकडे राहावी. कडेला तेल लावून, जुने सील वर ठेवून ते सरळ खाली बसवावे. लॉक खोबणीत सर्व बाजूंनी बसल्याची खात्री करावी. दोन्ही बाजूंस पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आणि समान तेल भरावे. रस्त्यावर जाण्यापूर्वी ब्रेक तपासावा.

इतिहासाचा शिक्षक म्हणून जुने दप्तर हाताळताना मी जो नियम पाळतो, तोच येथे लागू पडतो. ज्याचा पर्याय मिळतो ते खुशाल तोडावे. ज्याचा मिळत नाही त्याला इजा होऊ देऊ नये. आणि जोर लावण्यापूर्वी ती वस्तू कशामुळे अडकली आहे, हे शोधावे. पुस्तकाचे काम थोर आणि हाताचे काम हलके, ही वाटणी आपण मान्य केलेली नाही. पडवीतल्या गाडीवरचे पोते काढणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने पाना हाती घेताना आपला अभ्यासही सोबत घ्यावा.