फॉर्म भर, पण वही आधी घे

ये, बस इथं. आई चुलीपाशी आहे तोवर बोलून घेऊ. तिच्यासमोर पैशाचं नाव काढलं की तिचा जीव खालीवर होतो. कॉलेजात निवडणूक लागली तर उभी राहीन म्हणतेस, आणि गावातले कोणी 'भाऊ' पोस्टर, चहापाणी, गाडी सगळं बघतो म्हणालेत. उभी राहा, नक्की राहा. पैसे मात्र घेऊ नकोस. काहून, ते ऐक.

आपल्याकडे कॉलेजात थेट मतदान हे अजून कागदावरच जास्त आहे. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. अशा प्रकारांमुळे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निवडणुका बंद पडल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने तर वर्गात जास्त मार्क पडतील तो प्रतिनिधी, अशी रीत घातली. (ज्याला वहीतून मान वर काढायला वेळ नाही त्यालाच पुढारी केलं, बाप्पा!) पुढे २०१६ चा नवा कायदा आला, १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्गावर्गाचे प्रतिनिधी मुलांनीच मत देऊन निवडायचे असं आहे. २०१९ ला निवडणुका व्हायच्या होत्या. विधानसभेची निवडणूक आडवी आली, मग कोरोना. तेव्हापासून 'यंदा होणार' ही हूल उठतच असते. पण ती खरी ठरली तर घाई होईल, आणि घाईत सापडतं ते गरिबाचं पोर. म्हणून आत्ताच बोलते.

खर्चाचा नियम कुठून आला माहीत आहे? जेम्स मायकल लिंगडोह नावाचे गृहस्थ, मेघालयाचे, खासी समाजातले. देशाचे मुख्य निवडणूक आयुक्त होते. २००३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांमुळे २००८ मध्ये आला, तोच पुरस्कार. लिंगडोहांच्या विद्यार्थी निवडणुकांवरच्या समितीने २००६ च्या मे महिन्यात अहवाल दिला आणि २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करायला लावला. त्यात एका उमेदवाराला पाच हजारांच्या वर खर्च नाही. छापील पोस्टर, छापील पत्रक नाही, हाताने लिहिलेलंच चालेल, तेही कॉलेजने ठरवून दिलेल्या जागी. लाऊडस्पीकर नाही, गाड्या नाहीत. पैसा घ्यायचा तर विद्यार्थ्यांनी आपखुशीने दिलेला, बाहेरचा नाही. निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब कॉलेजला द्यायचा आणि कॉलेजने तो दोन दिवसांत सगळ्यांसमोर मांडायचा. नाही दिला किंवा खर्च जास्त झाला, तर झालेली निवड रद्द.

म्हणजे तुझ्या 'भाऊं'चा एक रुपयासुद्धा तुला भारी पडू शकतो.

नियम चांगलाच आहे. पण तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर दिल्ली होती, हे वाचताना लगेच कळतं. तिथे २०२४ च्या सप्टेंबरात दिल्ली विद्यापीठाचं मतदान झालं. भिंती, खांब, मेट्रो सगळं पोस्टरांनी इतकं बरबटलं होतं की उच्च न्यायालयाने ते साफ होईपर्यंत मतमोजणीच थांबवली. निकाल लागायला २५ नोव्हेंबर उजाडला. तिथल्या पोरांसाठी पाच हजार हा लगाम आहे, तोही ते जुमानत नाहीत. आपल्याकडे तेच पाच हजार म्हणजे मे महिन्यात भर उन्हात तेंदूपत्ता तोडून, पुडे बांधून, संकलनाच्या फळीवर मोजून देऊन हातात आलेल्या पैशांतला मोठा घास. खर्च किती करू नये ते नियम सांगतो. ज्याच्याकडे करायलाच नाही, त्याने काय करावं याबद्दल तो गप्प आहे. वरची रेघ सगळ्यांना सारखी आखली, पण खालून उभं राहायला जागा दिली नाही.

कॅनडात खासदारकीला उभ्या राहिलेल्याला दहा टक्के मतं पडली की त्याच्या निवडणूक खर्चातले साठ टक्के सरकार परत देतं. तिथल्या कितीतरी विद्यापीठांतल्या विद्यार्थी संघटनाही पावत्या तपासून उमेदवाराचा खर्च परत करतात, ठरलेल्या मर्यादेत. पैसा सगळ्या विद्यार्थ्यांच्या वर्गणीचा, म्हणून निवडून आलेला सगळ्यांचा देणेकरी. मला ही गोष्ट पटते. पण जशीच्या तशी इथं आणली तर ती तुझ्या कामाची नाही, हेही सांगते.

परत मिळणारा पैसा नंतर मिळतो. आधी खिशातून घालायचा. ज्याच्या खिशात आहे त्याला ती सवलत, ज्याच्या नाही त्याला पुन्हा 'भाऊ'. त्यात दहा टक्क्यांसारखी अट घातली तर वसतिगृहातली, पहिल्यांदाच उभी राहणारी माडिया आदिवासी पोरगी विचार करेल: हरले तर इज्जत गेली आणि पैसेही गेले. मग ती उभीच राहणार नाही. आणि कोऱ्या पावत्या? झेरॉक्सवाला ओळखीचा असला की दोनशेचं बिल आठशेचं व्हायला किती वेळ लागतो?

म्हणून माझं म्हणणं असं की रोख मागूच नका, वस्तू मागा. हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने मोठ्या निवडणुकांसाठीसुद्धा हेच म्हटलं होतं, की सरकारने मदत करायची तर रोख नाही, वस्तूरूपात. कॉलेजात ते किती सोपं आहे बघ. प्रत्येक उमेदवाराला सारखी कार्डशीट, सारखे रंग नि स्केचपेन, फलकावर सारखी जागा. एक दिवस सभागृहात सगळ्यांना ओळीने दहा-दहा मिनिटं बोलायला, माईक कॉलेजचा. चार मुख्य पदं, प्रत्येकी तीन उमेदवार, माणशी हजार रुपयांचं साहित्य धरलं तरी बारा हजार. एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाला किती जातात ते विचार. आणि तालुक्याबाहेरच्या गावातून येणाऱ्याचं एसटीचं तिकीट तेवढं पावती बघून परत द्यावं, हरणाऱ्यालाही. परतफेडीचा खरा उपयोग तिथे आहे.

आणि हो, आपला पाऊस. लिंगडोह समितीने म्हटलं, सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक उरका, आणि फॉर्म भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. इकडे तो काळ म्हणजे ऐन ऑगस्ट-सप्टेंबर. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. दहातले चार दिवस पुरातच गेले तर प्रचार कशाचा? उमेदवाराला पंच्याहत्तर टक्के हजेरीही लागते. पोळ्याला घरी आलेली मुलगी नाल्यापलीकडे अडकली, हजेरी घसरली, की खर्चाचा प्रश्नच मिटला, नावच बाद. तेव्हा पुरामुळे बुडालेले दिवस हजेरीत धरू नयेत आणि गरज पडली तर तारीख पुढे न्यावी, हेही मागण्यांत घाल. ही मागणी पुण्याचा कोणी करणार नाही, ती तुम्हालाच करावी लागेल.

तोवर तू काय करायचं? दहा रुपयांची वही घे. पानावर चार रकाने आख: तारीख, कोणाकडून, किती, कशावर. मैत्रिणीने पाच रुपये दिले तरी लिही, तिची सही घे. कोणी तुझ्या नावावर समोसे वाटले तर तेही लिही, किंमत टाकून, नाहीतर उद्या दुसरा कोणी ते तुझ्या विरुद्ध मोजेल. कच्चं बिल चिकटव, पक्कं मागून घे. ती वही वसतिगृहात उघडी ठेव, कोणीही चाळावी. तुला हे नवं नाही. आपल्याकडे ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, आणि बोनसाची यादी वाचली जाताना कोणाच्या नावापुढे काय लागलं ते म्हाताऱ्या बाया कान देऊन ऐकतात. तेवढ्याच कानांनी तुझाही हिशेब ऐकला जाणार आहे असं धर.

पोस्टर हातानेच लिहायचं आहे, तर त्यात आपण कमी नाही. भिंती सारवून त्यावर चित्रं काढणाऱ्यांची लेक तू, फ्लेक्सवाल्याला हेवा वाटेल असं काढशील. बोलायचं मात्र पोस्टरपेक्षा जास्त. ज्या मुली मराठीत बुजतात त्यांच्याशी माडियात बोल. कोणाला जात विचारून मत मागू नकोस, नियमात ते बसत नाही आणि तुला शोभत नाही.

'भाऊं'ना काय सांगायचं? भांडू नकोस. "नियमात बसत नाही भाऊ, माझी निवड रद्द होईल," एवढंच म्हण. नियम असा आपल्या कामी यावा. ते रागावतील, चार दिवसांनी विसरतील. पण दिलेला पैसा ते विसरणार नाहीत. विद्यार्थी परिषदेत बसल्यावर वसतिगृहाच्या जेवणाबद्दल, अडकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल बोलायला तोंड उघडशील तेव्हा आधी त्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल.

प्राचार्यांना द्यायचा अर्ज आज रात्री लिहून काढू: साहित्य सगळ्यांना सारखं, तिकिटाचा परतावा, पुराच्या दिवसांची सवलत. एकटीच्या नावाने देऊ नकोस, वर्गातल्या पंधरा-वीस जणांच्या सह्या घे, त्यात जो तुझ्याविरुद्ध उभा राहणार आहे त्याचीही घे. दोन प्रती कर. एक कार्यालयात दे, आणि दुसरीवर आवक क्रमांक नि शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.