दहा हजारांचा अर्ज

केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर अवॉर्ड–मानक’ योजनेसाठी शाळेला सहावीपासून पुढच्या जास्तीत जास्त पाच विद्यार्थ्यांच्या मूळ कल्पना ऑनलाइन पाठविता येतात. निवड झाल्यास प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्याच बँक खात्यात जमा होतात. बाजारातल्या तयार ज्वालामुखीला तेथे स्थान नाही, नसावेच. रहाट ओढून आईच्या हाताला पडलेले घट्टे पाहणारी मुलगी त्यावर जो उपाय सुचविते, तो तिच्याच शब्दांत लिहावा. आम्हा शिक्षकांना तो ‘सुधारण्याचा’ मोह फार.

वसतिगृहात कल्पनांची वाण नसते. अडते ते खात्यापाशी. जनरल रजिस्टरमध्ये एक नाव, आधारवर दुसरे आणि पालक ऊसतोडीला गेलेले! माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज असाच राहिला. म्हणून पालकांनी प्रवेशाच्या वेळीच नावे जुळवून पाल्याचे खाते उघडावे.