खेळांतील व्यवसाय आणि कौशल्य

"पुढें तूं कोण होणार?" हा प्रश्न वडील माणसें शाळेंतील प्रत्येक मुलाला व मुलीला वारंवार विचारीत असतात. त्याचें उत्तर बहुधा एका शब्दांत येतें: डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, परिचारिका. परंतु त्या एका शब्दावरून त्या माणसाला काय काय करतां येतें हें सारें समजतें काय? हाच प्रश्न एका निराळ्याच ठिकाणीं, म्हणजे एका खेळाच्या नियमांत, गेलीं पन्नास वर्षें सोडविला जात आहे. त्या नियमांची थोडक्यांत ओळख करून देणें हा या लेखाचा हेतु आहे.

हा खेळ मेजाभोंवतीं बसून खेळतात. चारपांच गडी असतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होतो व बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: पुढें नदी आहे, पूल मोडला आहे, मागून शत्रु येत आहेत. मग प्रत्येक गडी आपलें पात्र काय करील तें सांगतो. जें सहज होण्यासारखें तें होतें, जें अशक्य तें होत नाहीं, आणि ज्याविषयीं शंका असते त्याचा निर्णय फासे टाकून होतो. पात्राचीं कौशल्यें एका कागदावर आंकड्यांनीं लिहिलेलीं असतात, व त्या आंकड्यांवरून फाशांचें कोणतें दान पुरेसें होईल हें ठरतें. यांत कोणी कोणाला हरवीत नाहीं. सर्वांनीं मिळून एक गोष्ट रचावयाची असते.

अशा प्रकारचा प्रसिद्ध झालेला पहिला खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं छापून निघाला. त्यांत पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. वर्ग म्हणजे त्या पात्राचा पेशा. एकदां पेशा निवडला कीं कोणतें शस्त्र धरतां येईल, मंत्र म्हणतां येतील कीं नाहीं, हें सारें ठरून जाई. कुलूप उघडणें, दबकत चालणें, अंधारांत लपणें अशा कामांसाठीं मात्र स्वतंत्र नियम जवळजवळ नव्हतेच. गडी आपली युक्ति सांगे, आणि सूत्रधार तिचा विचार करून निकाल देई.

पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, 'ग्रेहॉक' नांवाची पुरवणी निघाली व तींत चोर हा नवा वर्ग आला. कुलूप उघडणें, चाहूल लागूं न देतां चालणें, सांवलींत लपणें हीं कौशल्यें त्याच्या नांवावर शेंकड्याच्या हिशेबानें लिहिलीं गेलीं. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. चोराला जें दिलें, तें इतरांपासून काढून घेतल्यासारखें झालें! कालपर्यंत लढवय्याहि चवड्यांवर चालत पहारेकऱ्याच्या मागें जाऊन उभा राही. आतां "तें काम चोराचें, तुझें नव्हे," असें पुष्कळ मेजांवर त्यास ऐकावें लागलें. गंमत अशी कीं, नवशिक्या चोराला कुलूप उघडण्यांत यश येण्याचें प्रमाण शेंकडा १५ च होतें. म्हणजे ज्याच्या नांवावर कौशल्य लिहिलें होतें तो शंभरांत पंचाऐंशी वेळां चुके, आणि ज्याच्या नांवावर तें नव्हतें त्याला प्रयत्न करण्याचीहि मुभा राहिली नाहीं. एखाद्या कामावर एका पेशाचा शिक्का बसला म्हणजे बाकीचे लोक त्यापासून किती लवकर हात आंखडून घेतात, याचें हें लहानसें पण बोलकें उदाहरण आहे.

दुसरा मार्ग १९७७ सालीं मार्क मिलर यांच्या 'ट्रॅव्हलर' या खेळानें दाखविला. यांतील कथा अंतराळांत घडते. येथें पेशा ही पात्राची जात नसून त्याचा पूर्वेतिहास आहे. पात्र अठराव्या वर्षीं आरमार, भूदल, टेहळणी, व्यापार अशा एखाद्या नोकरींत शिरतें आणि चारचार वर्षांच्या मुदतीनें तेथें राहतें. प्रत्येक मुदतींत कांहीं कौशल्य पदरांत पडतें. परंतु प्रत्येक मुदतीला आपण जिवंत राहतों कीं नाहीं यासाठींहि फासे टाकावे लागतात. मूळच्या नियमांत हें दान चुकलें तर पात्र खेळ सुरू होण्यापूर्वींच मरे! शिवाय वयाच्या चौतिसाव्या वर्षापासून शरीर थकूं लागतें. म्हणून गड्याला विचार करावा लागतो: आणखी चार वर्षें राहून अधिक शिकावें, कीं हातीं आहे तेवढ्यावर बाहेर पडावें? शिकण्याला आयुष्याची किंमत मोजावी लागते, ही गोष्ट या नियमांत पक्की बसविलेली आहे.

याच खेळाच्या २००८ सालीं निघालेल्या आवृत्तींतील हिशेब गणिताची आवड असणाऱ्यांनीं स्वतः करून पाहावा. दोन फासे टाकून बेरीज ८ किंवा अधिक आली तर साधारण काम साधतें. दोन फाशांचीं एकंदर ३६ दानें होतात. ज्याला त्या कामाचा गंधहि नाहीं त्याच्या बेरजेंतून ३ वजा होतात, म्हणून त्याला ३६ पैकीं ३ च दानें अनुकूल. ज्याला त्या विषयाची नुसती तोंडओळख आहे त्याचें कांहीं वजा होत नाहीं. त्याला १५ दानें अनुकूल. कौशल्य एक अंशानें वाढलें तर २१, दोन अंशांनीं २६, आणि तीन अंशांनीं ३०. सर्वांत मोठी उडी कोठें आहे तें पाहा: अगदीं अजाण असण्यापासून तोंडओळख होण्यापर्यंत! पुढील प्रत्येक पायरीवर लाभ होतो, पण तो उत्तरोत्तर लहान होत जातो. व्यवसाय कोणताहि असो, पोहणें, प्रथमोपचार, हिशेब ठेवणें अशा विषयांचीं मुळाक्षरें तरी शिकून ठेवावींत, असें सांगण्यास याहून सोपें गणित क्वचितच सांपडेल. मात्र कौशल्याचे अंश मोजकेच मिळतात. ते दहा ठिकाणीं विखुरले तर 'एक ना धड भाराभर चिंध्या' अशी गति होते. म्हणून थोड्या विषयांत खोली आणि पुष्कळ विषयांत तोंडओळख, हाच शहाणपणाचा बेत ठरतो.

तिसरा मार्ग १९७८ सालच्या 'रूनक्वेस्ट' या खेळाचा. त्यांत वर्गांचें बंधन काढून टाकण्यांत आलें. प्रत्येक कौशल्य शेंकड्यांत मोजलें जाई, आणि जें कौशल्य प्रत्यक्ष वापरलें जाई तेंच अनुभवानें वाढे. हीच पद्धति १९८१ सालीं सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ क्थुलू' या रहस्यकथेच्या खेळांत आली. त्यांतील शोधक तलवारबहाद्दर नसतात. प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर अशीं साधीं माणसें असतात, आणि ग्रंथालयाचा उपयोग करतां येणें हें तेथील एक अत्यंत मोलाचें कौशल्य आहे. अलीकडील आवृत्तींत पात्राला कांहीं गुण व्यवसायाच्या कौशल्यांसाठीं मिळतात, आणि कांहीं गुण निव्वळ वैयक्तिक आवडीसाठीं निराळे राखून ठेवलेले असतात.

या खेळांत प्रगति कशी होते तें मननीय आहे. जें कौशल्य यशस्वी रीतीनें वापरलें त्यापुढें खूण करावयाची, आणि कथा संपल्यावर १ ते १०० यांमधील दान टाकावयाचें. दान आपल्या कौशल्यापेक्षां अधिक पडलें तरच कौशल्य वाढतें. म्हणजे ज्याचें कौशल्य ३० आहे त्याला वाढीची संधि शंभरांत ७०, आणि ज्याचें ८० आहे त्याला केवळ २०. जो जितका पुढें गेला तितकें त्याला पुढचें पाऊल अवघड. उलट २०१२ सालच्या 'डंजन वर्ल्ड' या खेळांत फासा चुकला कीं अनुभवाचा एक गुण मिळतो. यशानें शिकतां येतें कीं अपयशानें, या वादांत नियम रचणाऱ्यांनीं दोन्ही बाजू घेतल्या आहेत, आणि शाळेंत शिकणाऱ्याला दोन्हींचा अनुभव असतोच.

आतां पहिल्या खेळाकडे परत येऊं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तींत (सन २०००) उपजीविकेचा व्यवसाय हें एक स्वतंत्र कौशल्य झालें. वीस बाजूंच्या फाशाच्या दानांत आपलें कौशल्य मिळवावयाचें; जी बेरीज येईल तिच्या निम्म्या सुवर्णमुद्रा ही आठवड्याची मिळकत. ज्याला कोणताहि व्यवसाय येत नाहीं तो मजूर दिवसाला एक रौप्यमुद्रा मिळवितो, आणि दहा रौप्यमुद्रांची एक सुवर्णमुद्रा होते. दान १० पडलें व कौशल्य ६ असलें तर कारागिराला आठवड्याला ८ सुवर्णमुद्रा, आणि सातहि दिवस राबलेल्या मजुराला ७ रौप्यमुद्रा! कसबी व अकसबी माणसाच्या मिळकतींत अकरापटींहून अधिक अंतर. हा खेळांतला हिशेब असला तरी तो वाचून कोणीहि विचारांत पडावें.

शेवटीं २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत तिन्ही मार्गांचा मेळ घातला गेला. पेशा राहिला, पण त्याच्या जोडीला पात्राचा पूर्वेतिहासहि आला, आणि कोणत्याहि पेशाला कोणताहि पूर्वेतिहास घेतां येतो. नियमांत अठरा कौशल्यें आहेत. तीं सर्व सर्वांना वापरून पाहतां येतात. ज्याचा अभ्यास केला असेल त्यांत मात्र प्रारंभीं २ अधिक मिळतात आणि अनुभवानें तो आंकडा ६ पर्यंत चढतो. धर्मोपदेशकाचा पूर्वेतिहास गुन्हेगाराचा असेल, तर तोहि आतां सफाईनें कुलूप उघडूं शकतो. १९७५ सालीं मिटलेलें दार असें पुन्हां सताड उघडलें.

या पन्नास वर्षांच्या फेरफारांतून एक तत्त्व हळूहळू स्पष्ट झालें आहे. व्यवसाय हा माणसाचा आरंभ सांगतो. त्याची मर्यादा सांगत नाहीं. मर्यादा ठरते ती अभ्यासानें, वापरानें आणि कांहीं अंशीं दैवानें. फाशांचा खेळ खऱ्या आयुष्याचें सर्व कांहीं दाखवूं शकत नाहीं, हें खरें. तेथें एका दानांत होणारी वाढ येथें महिनोगणती कष्टांनीं मिळवावी लागते, आणि गरिबीमुळें ज्याला शिकण्याची संधीच मिळत नाहीं त्याची अडचण कोणत्याहि फाशानें सुटत नाहीं. तरीहि जें पोर चित्रें काढतें त्याला "तें काम चित्रकाराचें, तुझें नव्हे," आणि जी मुलगी बिघडलेली सायकल उकलून बसते तिला "तें काम मिस्त्रीचें," असें म्हणण्यापूर्वीं आपण वडील माणसांनीं चोराची ती गोष्ट आठवावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या कागदावर आज जो आंकडा लिहिलेला आहे तो शाईचा नाहीं, पेन्सिलीचा आहे. तो वाढविणें तुमच्या हातीं आहे.