शालेय ग्रंथालय आणि पावसाळा

नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या त्र्यंबकेश्वर परिसरात जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो. अशा प्रदेशात शालेय ग्रंथालयाचे मोठे शत्रू म्हणजे बुरशी व वाळवी. दोहोंनाही ओल पोषक ठरते. म्हणून ग्रंथरक्षणाचा प्रारंभ कपाटापासून नव्हे, तर छपरापासून व्हावयास हवा.

इमारत : मे महिन्यातच फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात आणि जोत्यालगत पाणी साचू नये म्हणून चर मोकळे करावेत. ओल्या भिंतीला रंग देणे हा व्यर्थ खर्च होय. पाणी कोठून मुरते ते शोधून प्रथम थांबवावे. भिंत वाळल्यानंतरच गिलावा करावा.

ग्रंथ : कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर व जमिनीपासून वीतभर उंच ठेवावीत. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांहून अधिक राहिल्यास बुरशी वाढू लागते. यास्तव उघडीप मिळताच खिडक्या उघडाव्यात. भिजलेली पुस्तके कडक उन्हात न घालता सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. वाळवीने भिंतीवर केलेल्या मातीच्या नळ्यांसाठी दर आठवड्यास पाहणी करावी.

जबाबदारी : शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये प्रत्येक शाळेत ग्रंथालय आवश्यक आहे. शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. या आराखड्यात पुस्तक खरेदीच्या आधी छपराच्या दुरुस्तीला स्थान मिळाले, तरच त्या खरेदीचा लाभ विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचेल.