पैसे कापले, ऑर्डर नाही! कनेक्शन मध्येच तुटलं तर तुमची साइट काय करते?

मागच्या व्हिडिओत आपण ऑनलाइन ऑर्डरची साइट उभी केली. आज ती मुद्दाम बिघडवून बघायची आहे.

समजा मे महिना आहे. पुण्याचं गिऱ्हाईक दोन पेटी हापूस बुक करतं, 'पे' दाबतं आणि गाडी घाटात शिरते. रेंज गेली. पैसे कापले गेले, तुमच्याकडे ऑर्डर नाही. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही तेच.

"पण साइटवर कुलूप दिसतंय की!" असं बरेच जण म्हणतात. ते कुलूप म्हणजे टीएलएस. मधल्या माणसाला तुमचं बोलणं वाचता येत नाही आणि बदलता येत नाही, एवढी हमी ते देतं. लाइन तुटणार नाही अशी हमी त्यात नाही.

आपण फोन ठेवताना "चला, ठेवतो" म्हणतो ना? टीएलएसमध्येही तसा निरोप आहे, त्याला 'क्लोज नोटिफाय' म्हणतात. निरोप आला तर बोलणं पूर्ण झालं. न येताच लाइन बंद झाली तर समोरचा थांबला की मध्येच तुटलं, कळायला मार्ग नाही. "दहा पेट्या पाठवा, पण पैसे जमा झाल्यावरच" यातलं पहिलं अर्धंच ऐकू आलं तर? कोणी मुद्दाम लाइन कापूनही हे करू शकतं, वाचता येत नसलं तरी. ओपनएसएसएल हे या कामाचं सर्वाधिक वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीपासून असा निरोपाविना शेवट ही स्पष्ट चूक म्हणून दाखवली जाते. ही चूक दाबून टाकायची सोयही त्यात आहे. तुमच्या डेव्हलपरने ती चालू केली आहे का, आणि का, हे सरळ विचारा.

आता चाचणी. पेमेंट गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये करा, खऱ्या पैशांनी नको. 'पे' दाबल्या दाबल्या फोन एरोप्लेन मोडवर टाका. इथे समोर काहीच पोचत नाही, ना निरोप ना लाइन बंद झाल्याची खबर. थांबायची मुदत ठरवलेली नसेल तर सर्व्हर वाट बघतच बसतो. मग तीच गोष्ट ब्राउझर बळेच बंद करून बघा. हा वेगळा प्रकार आहे: लाइन बंद झाल्याचं समजतं, पण निरोप बहुधा येत नाही. तिसरी चाचणी डेव्हलपरला करू दे. एक खोटा सर्व्हर अर्धं उत्तर देऊन लाइन तोडेल. तेव्हा तुमच्या साइटने 'पेमेंट यशस्वी' दाखवलं तर साइट लाइव्ह करू नका.

प्रत्येक वेळी वहीत लिहा: गिऱ्हाइकाला काय दिसलं, तुमच्या यादीत काय आलं, गेटवेच्या यादीत काय आहे. तिन्ही जुळलं पाहिजे. गिऱ्हाइकाचा ब्राउझर 'झालं' सांगेल यावर विसंबू नका. गेटवे तुमच्या सर्व्हरला थेट जो निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात, तो धरा. तो नाही आला तर ऑर्डर नंबर देऊन गेटवेला विचारा. वेबहुक दोनदाही येतो, म्हणून एका ऑर्डर नंबरवर माल एकदाच निघेल असं बघा. नाहीतर दोनाच्या चार पेट्या गेल्या म्हणून समजा!

आणि अडकलेल्या पैशांचं? रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून कापले गेले आणि दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला हे सांगा, पण आधी गेटवेची यादी बघा. पैसे तुमच्याकडे आलेलेच असतील तर त्याला थांबायला सांगू नका, पेटी भरायला घ्या.