दादाचा कॉम्प्युटर पुसण्याआधी

शहाड, रविवार

चि. बाळास,

काल रात्री वहिनीचा फोन आला. म्हणाली, "ताई, याने ह्यांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढलाय. सगळा पुसून त्यावर काली की काय ते टाकणार म्हणतोय." तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. आणि आधी एकच सांग, हार्ड डिस्कवरचं सगळं दुसरीकडे काढून घेतलंस का? घेतलं नसशील तर त्या मशीनला हात लावू नकोस.

तुला ती अडगळ वाटत असेल. २६ जुलै २००५ ला तुझा जन्मही झाला नव्हता. उल्हास नदी फुगली आणि तुझ्या बाबांच्या शहाडच्या दुकानात पाणी शिरलं. दादाचा पहिला कॉम्प्युटर, फ्लॉप्या, सीड्या, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर दादा एकेक फ्लॉपी ओल्या फडक्याने पुसून खिडकीत उभी करत होता. एकही चालली नाही. शेवटची पुसून होईपर्यंत तो उठला मात्र नाही. त्यानंतर जे जे काम केलं ते त्याने एका मशीनवरून दुसऱ्यावर जपून आणलं. तेच सगळं या डिस्कवर आहे.

काय आहे त्यात? सेंच्युरी रेयॉन कारखान्यातल्या लोकांच्या मुलामुलींच्या लग्नपत्रिका, बायोडेटा, सोसायट्यांच्या नोटिसा. मोहोन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, तेव्हा कामगार थकलेल्या पैशांचे अर्ज टाइप करून घ्यायला दादाकडे यायचे. कित्येकांकडून त्याने पैसेही घेतले नाहीत. ते अर्ज आहेत. तुझ्या आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो आहेत, त्यांची दुसरी प्रत कुणाकडेच नाही. दादा तुला काही बोलणार नाही. "करू दे त्याला" एवढंच म्हणेल आणि गॅलरीत जाऊन बसेल. माझ्या भावाला मी ओळखते.

आणखी एक गोष्ट तुझ्या मित्रांपैकी कुणी सांगणार नाही. दादाचा बराचसा मजकूर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये नाही. तुझं काली हे लिनक्सच, आणि त्या फाइली तशाच उचलून लिनक्सवर नेल्यास तर फॉन्टअभावी मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसेल. पेजमेकर तर तिथे सरळ चालत नाही. म्हणून जुनं विंडोज सुरू होतंय तोवर महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ करून घे. मूळ फाइली आणि श्रीलिपीचे फॉन्टसुद्धा जपून ठेव.

आता कालीबद्दल. अरे, कुणाच्या नादी लागलास? काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळताना बघून भुललास ना? काली हे संगणकांची सुरक्षा तपासणाऱ्या जाणकारांचं हत्यार आहे. नवख्या माणसाने त्यावर लिनक्स शिकू नये, हे ते बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. ज्याला पहिल्यांदाच लिनक्स वापरायचंय त्याने त्यापासून सुरुवात केली तर आठवड्यात कंटाळून "लिनक्स भंगार आहे" म्हणत फिरेल. तसं तुझ्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही.

लिनक्स टाकायला माझा विरोध नाही, उलट आनंदच आहे. विंडोज सेव्हनचा आधार जानेवारी २०२० मध्ये सुटला, दहाचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. अकराला टीपीएम २.० लागतं, ते त्या मशीनमध्ये नाही. कुणाकडून तरी चोरीचं विंडोज आणून बसवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण मिंट टाक. लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. मिंटला दोन जीबी रॅम किमान लागते, चार असेल तर बरं चालतं. तुझ्या मशीनमध्ये चार आहे आणि एक्सएफसीई त्यातली हलकी. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, विंडोज सेव्हनची सवय असलेल्याला परकं वाटत नाही. बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ते उबुंटूवर बेतलेलं असल्यामुळे अडलं तर उबुंटूवाल्यांची उत्तरंही बहुतेक लागू पडतात. आपल्या सीडॅकचं बॉस लिनक्सही आहे, २००७ पासून. त्याबद्दल मला आदर आहे, पण रात्री अकरा वाजता एकटा अडकलास तर मिंटची मदत पटकन सापडते, म्हणून मिंट. सध्या यापलीकडे पर्याय बघतच बसू नकोस, त्यात महिने जातात.

अवघड आहे म्हणून तुला कुणी घाबरवेल. केरळातल्या सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकताहेत. पवईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल केलीत, त्यात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून आहेत. मी त्यावरच शिकले, पण फार उशिरा. त्याआधी उबुंटूवाले जगभर फुकट सीडी पाठवायचे. मी मागवली होती. शहाडला पोस्टमन कागदी पाकीट घेऊन आला तेव्हा मला कोण आनंद झाला होता! मग ती कपाटातच राहिली. दुकानात एकच मशीन, त्यावर दादाचं पोट, आणि विचारावं असं जवळ कुणी नव्हतं. तेव्हा कुणी शेजारी बसून दाखवलं असतं तर आज मी कुठे असते, असं अजूनही मनात येतं. तुझ्याबाबतीत तसं व्हायला नको. म्हणून तर एवढं बोलते आहे.

टाकायच्या आधी आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघ. तेवढ्याने डिस्कवर काही लिहिलं जात नाही. आवाज येतो का, प्रिंटर धरतो का ते तिथेच कळेल. मशीनला वायफाय नाही, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग कर. विंडोज सुरूच झालं नाही, तरी याच पेनड्राइव्हवरून दादाच्या फाइली दिसतील आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतील. इन्स्टॉल करताना मात्र 'इरेज डिस्क' अशी ओळ येते. तिथे एका क्लिकमध्ये सगळं जातं. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ते सिस्टम परत आणतं, फोटो नाही. कॉपी झाल्यावर चारदोन फाइली उघडून बघ. आजीचा फोल्डर नक्की उघड.

लिहिता लिहिता सुचलं, पुसायलाच कशाला हवं? ती डिस्क म्हातारी झालीय, मध्येच टकटक वाजते असं दादाच म्हणत होता. मशीन उघड, जुन्या डिस्कची केबल काढ, नवी छोटी एसएसडी लाव आणि मिंट तिच्यावर टाक. मशीनचा वेगही वाढेल. जुनी डिस्क कॉपी झाल्यावर कापडात गुंडाळून दादाच्या हातात दे. एसएसडीचे पैसे मी देते. वहिनीला सांगू नकोस, ती मला नाही म्हणेल.

आणि जमलं तर मिंटमध्ये दादासाठी वेगळं खातं कर, अक्षरं मोठी ठेव. मोतिबिंदूनंतर तो पडद्यासमोर बसलेला नाही. इन्स्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड लावून दे. श्रीलिपीत टाइपरायटरची सवय लागलेली त्याची बोटं आधी चुकतील. तू शेजारी बस, घाई करू नकोस.

रागाने लिहिलं असेन तर मनात ठेवू नकोस. तुझ्या वयात मशीन उघडायची हिंमत आमच्यापैकी कुणात नव्हती. ती तुझ्यात आहे याचं मला फार कौतुक आहे. कॉपी पूर्ण झाली की एक मिस्ड कॉल दे. कितीही रात्र झाली तरी चालेल, मी जागी असते.

तुझी,
आत्या